सिंहांवरचं कुंकू

दहावी पास माणसाला निळा पासपोर्ट आणि दहावी न झालेल्याला केशरी, अशी वाटणी करायचं सरकारच्या मनात आलं, ते २०१८ च्या जानेवारीत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि पत्रकं लिहायला नुकतीच शिकले होते. संघटनेतल्या थोरल्यांनी एकच नियम घालून दिला होता : पत्रकात शिवी लिहायची नाही, पण वाचणाऱ्याला आपण शिवी दिली असं वाटलं पाहिजे. मला ते फार लवकर जमलं. घरचे म्हणायचे, हिला शिकवायची गरज नव्हती.

मी लिहिलं : विमानतळावर रांगेत उभ्या असलेल्या मजुराचं शिक्षण त्याच्या हातातल्या कव्हरावरून लांबून दिसावं, अशी ही सोय आहे. पूर्वी कमरेला झाडू बांधत, आता हातात केशरी पुस्तक देणार. खाली संघटनेचं नाव, आणि छापखान्यानं फुकट टाकलेलं मुठीचं चित्र.

पत्रकं वाटायला मला कशेळ्याला पाठवलं. बाजाराचा दिवस होता. वाड्यावस्त्यांवरची माणसं जीप भरायची वाट बघत आत दाटीनं बसली होती. मी खिडकीतून एकेकाच्या हातात कागद कोंबत होते. पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्यानं तो लांब धरून बघितला आणि शेजारच्याकडून वाचून घेतला. मग मला म्हणाला, "भगवा रंग वाईट कवापासून झाला गं?"

मी म्हटलं, "रंग वाईट नाही बाबा. वेगळा काढायचं मन वाईट आहे."

"देवळाच्या कळसावर काय लावतात?"

"भगवा."

"आन सरकार तो अडान्याला देतंय. शिकल्याला नाय देत. मंग मान कुनाचा झाला?"

सगळी जीप हसली. ड्रायव्हरसुद्धा. मी वर्ग, श्रम, अपमान असलं बरंच काही बोलले, पण जीप सुरू झाली. म्हाताऱ्यानं कागदाची घडी घालून तंबाखूच्या डबीखाली ठेवली, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "पोरी, तुला पायजे तर निळा घे, आमाला भगवा दे." मी त्या दिवशी घरी येऊन आणखी एक पत्रक लिहिलं. ते आणखी वाईट होतं.

त्या रागात मी पासपोर्टच्या रंगांचा इतिहास वाचून काढला. कोणाला नको असलेली ही माहिती अजून माझ्याकडे आहे, म्हणून सांगते. पुस्तकाचा आकार जगभर एक असावा हे ठरलेलं आहे. रंग मात्र ज्याचा त्यानं निवडावा. युरोपातल्या बऱ्याच देशांनी मरून, म्हणजे काळपट तांबडा, घेतला. अनेक मुसलमान देशांनी हिरवा घेतला. इंग्लंडनं युरोपाशी जमवून घेताना मरून घातला आणि भांडून बाहेर पडल्यावर पुन्हा निळा घातला, म्हणजे माहेरी परत आलेल्या बाईनं लग्नाआधीचं पातळ नेसावं तसं. आपल्याकडे इंग्रजांच्या काळातल्या पासपोर्टवर त्यांचा सिंह होता आणि त्याच्या जोडीला शिंगवाला घोडा. घोडा गेला, त्यांचा सिंह गेला, अशोकाचे सिंह आले. निळा जवळपास तोच राहिला. परदेशातल्या वकिलातीत बसणाऱ्या साहेबाला मरून, सरकारी कामावर जाणाऱ्याला पांढरा, उरलेल्या सगळ्यांना निळा. म्हणजे प्रतवारी होतीच. फक्त तळाच्या लोकांमध्ये आणखी एक तळ पाडायचा राहिला होता, आणि सरकार ते काम करायला निघालं होतं.

महिना संपायच्या आत सरकारनं बेत मागे घेतला. आखातात ज्यांची सगळ्यात जास्त माणसं आहेत त्या केरळातून आवाज उठला, लोक कोर्टात गेले, म्हणून. आमच्या पत्रकाचा त्यात वाटा शून्य. तरी आम्ही कर्जतला पेढे वाटले आणि फोटो काढले. कव्हर वाचलं. आतला शेरा मात्र राहिला. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टमध्ये आजही छापलेलं असतं, की हा माणूस आखातासारख्या ठिकाणी कामाला चालला तर आधी परवानगी तपासा. कायदा म्हणतो हे त्याच्या रक्षणासाठी आहे. असेल. आमच्याकडे बैलालाही मुसकं त्याच्याच पोटदुखीच्या काळजीनं बांधतात.

हे सगळं मी विसरले होते. मग दाजींचा पासपोर्ट आला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे. आमचं घर खालापूर तालुक्यात, लोधिवलीच्या बाजूला. ताईला दिली कशेळ्याच्या पुढे. घर भातशेतीचं, पण शेत आता निम्मं फार्महाऊसवाल्यांच्या कुंपणात गेलेलं. दाजी त्याच फार्महाऊसांत फरशा बसवायचे. शाळा आठवीला सोडलेली. हात चांगला होता. ज्या जमिनीत त्यांच्या आज्यानं भात लावला त्या जमिनीवर ते मुंबईच्या लोकांची न्हाणीघरं चकचकीत करायचे, आणि काम संपलं की त्यांना त्याच फाटकातून आत येऊ देत नसत. यात मला पत्रकाचा विषय दिसायचा. दाजींना दिसायची फक्त पुढची न्हाणी.

ताईची सासू म्हणजे त्या घराची बारकीशी सत्ता. नवरा लवकर गेलेला. दोन मुलगे तिनं एकटीनं वाढवले, हे ती कोणाला विसरू देत नाही, आणि विसरावं असंही ते नाही. धाकटा मुलगा दहावी पास. नापास होऊन पुन्हा बसून पास झालेला, पण पास. ताईला मूल नव्हतं. एवढ्या एका वाक्यात त्या घरातल्या ताईच्या दहा वर्षांचं वर्णन होतं.

मस्कतला फरशीकामाची माणसं हवी आहेत असं कर्जतच्या एका एजंटानं सांगितलं, तेव्हा दोघा भावांनी बरोबरच पासपोर्ट काढले. आले तेही बरोबर. दोन्ही निळे, दोन्हीवर सोनेरी सिंह. थोरल्याच्या पुस्तकात तो शेरा, धाकट्याच्या पुस्तकात नाही. वरून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. आमच्या लढ्याचं ते फळ मी हातात घेऊन बघितलं आणि मला त्या दिवशी खरंच बरं वाटलं.

काम थोरल्याला लागलं. धाकट्याची फरशी सरळ बसत नव्हती. व्हिसा दाजींच्या पासपोर्टच्या नंबरावर निघाला, परवानगी मिळाली, तिकीट आलं. एजंटानं पासपोर्ट घरी नेऊ दिला आणि सांगितलं, परवा विमानतळावर या.

ताईसाठी यात काय होतं ते सांगते. दाजी तिकडे गेले की ताईनं आमच्याकडे राहायचं, शिवणाचं मशीन घ्यायचं, आणि दोन वर्षांनी दोघांनी वेगळं घर करायचं, असं दोघांचं ठरलं होतं. ते तिनं मला एकटीला सांगितलं होतं. त्या निळ्या पुस्तकाला ताईचं दार बांधलेलं होतं.

जायच्या आदल्या दिवशी मी निरोप द्यायला गेले. जीपमधून उतरले तर घरातून इस्त्रीचा वास येत होता. जाणाऱ्याचे कपडे असतील असं वाटलं. आत धाकटा भाऊ जमिनीवर फडकं पसरून पासपोर्टला इस्त्री करत होता.

मी म्हटलं, "काय करतोयस रं?"

"सुकवतोय."

"भिजला कसा?"

दाजी उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसले होते. सासू देव्हाऱ्यासमोर मांडी घालून. ताई स्वयंपाकघराच्या दारात पूजेचं ताट हातात धरून उभी होती. ते ताट खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

झालं होतं असं. आमच्याकडे नवीन वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू लागतं. टेंपो असो, कोयता असो, फ्रिज असो. दाजींच्या टाइल कापायच्या मशीनलाही लागलं होतं. मग पासपोर्टला का नाही? तो तर माणसाला समुद्रापलीकडे नेणारा. सासूनं तो देव्हाऱ्यात एकवीरेच्या फोटोपुढे ठेवला. वर सिंह. एकवीरा म्हणजे देवी, देवीचं वाहन सिंह, तेव्हा सिंहांना आधी मान. तिनं बोटभर हळद लावली, वर कुंकू लावलं. इथवर काही बिघडलं नव्हतं. फडक्यानं पुसून निघालं असतं.

पण जाणाऱ्या माणसाला कुंकवाचा टिळा लावतात. दाजी तेव्हा पाहुण्यांना सोडायला फाट्यावर गेलेले. मुहूर्त टळत होता. सासूनं पुस्तक उघडलं, मुलाचा फोटो शोधला आणि त्याच्या कपाळाला टिळा लावला. वर अक्षता टेकवल्या. त्या चिकटाव्यात म्हणून दाबल्या.

कुंकू पातळ होतं. फोटोच्या नाकावरून उतरून ते नावावर गेलं, नावावरून खालच्या नंबरावर. धाकट्यानं ते बघितलं आणि साबणाचा हात मारला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, फक्त त्या वेळी कोणाला आठवलं नाही. तांबडं पाणी शिवणीत शिरलं. मग त्यानं इस्त्री आणली. त्या पानावरचा पातळ पापुद्रा वितळून सुरकुतला, आणि दाजींचा चेहरा कढईतल्या दुधाच्या सायीसारखा एका बाजूला गोळा झाला.

मी ते पान बघितलं आणि म्हटलं, "हे कोणी केलं?"

सासू म्हणाली, "कुंकू पातळ कुनी कालवलंन?"

ताई म्हणाली, "आई, तुमीच म्हनालात थोडं पानी घाल."

"थोडं म्हनले. वड्याचं पानी घाल नाय म्हनले."

"मी पुस्तकाला हातबी नाय लावला."

"हात लावायला लागतोय कशाला? तू कालवलंस तितंच बिघडलं. ज्या हाताला काय फळत नाय त्या हाताचं कुंकू घेतलं, ती माजीच चूक."

हे ती ओरडून म्हणाली नाही. बाजारात भाव सांगावा तसं म्हणाली. मी दाजींकडे बघितलं. दाजी पायरीवरचा सिमेंटचा एक पोपडा नखानं काढत होते. एका शब्दाचं काम होतं. ते पोपडा काढत राहिले.

मला तिथं भांडायचं होतं. ताईनं मान हलवली. भांडण करून मी संध्याकाळच्या जीपनं निघून जाणार होते, राहायचं तिला होतं.

दुपारी आम्ही तिघं कर्जतला एजंटाकडे गेलो. दाजी, ताई आणि मी. मला नेलं, कारण घरात पासपोर्टबद्दल भाषण ठोकणारी मी एकटी. एजंटाचं ऑफिस बाजारामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर. भिंतीवर विमानाचं चित्र, टेबलावर प्लास्टिकच्या कव्हरांचे गठ्ठे. हा माणूस आपल्या गिऱ्हाइकांना पासपोर्टवर चढवायला फुकट कव्हरं देतो. ज्यांच्या पुस्तकात तो शेरा, त्यांना पिवळी. बाकीच्यांना काळी. विमानतळावर त्याच्या माणसाला कळपातून लगेच वेचता यावेत म्हणून. सरकारनं जे मागे घेतलं ते हा टेबलावर मांडून बसला होता आणि कोणी कोर्टात गेलं नव्हतं.

त्यानं पासपोर्ट दोन बोटांनी उचलला. वरचे सिंह बघितले. सोनं निम्मं उडालेलं, निळ्यावर हळदकुंकवाचा फराटा सुकून केशरी झालेला. तो माझ्याकडे बघून हसला. मला तो ओळखत होता. २०१८ साली मी त्यालाही पत्रक दिलं होतं.

"मॅडम," तो मला म्हणाला, "सरकारनं केशरी रद्द केला ना तुमच्या दणक्यानं? यांनी तर घरीच करून आणला."

मी म्हटलं, "याच्यावर जाता येईल का ते सांगा."

त्यानं आतलं पान उघडलं. बराच वेळ बघितलं. मग दाजींना विचारलं, "हा टिळा कोणी लावला रे फोटोला?"

"आयनं."

"अरे, फोटोला कुंकू मेल्यावर लावतात. आई जरा थांबली असती ना."

झेरॉक्सवाला काही कामानं वर आला होता, तो हसला. दाजीही हसले. हे मी विसरणार नाही. साहेब हसला की हसायचं, ही त्यांची सवय. फार्महाऊसच्या मालकांपुढे लागलेली. ताई हसली नाही.

मग त्यानं सांगितलं. असा पासपोर्ट विमानतळावर कोणी घेणार नाही. नवा काढावा लागेल, हा जुना जमा करून. नव्याचा नंबर वेगळा, म्हणजे व्हिसा पहिल्यापासून. तिकडचा मालक थांबणार नाही, त्याला माणूस हवाय, तुम्हीच हवेत असं नाही.

ताईनं विचारलं, "नवा काढल्यावर परत काम मिळंल का?"

"बघू. आधी काढा तर." आणि तिच्याकडे पाठ करून त्यानं दाजींना विचारलं, "घरात दुसरा कोणी आहे का, तयार पासपोर्टवाला?"

दाजींनी लगेच सांगितलं, "धाकटा हाय."

"दहावी?"

"पास."

"मग त्याला परवानगीची भानगडच नाही. त्याला फरशी येते?"

दाजी म्हणाले, "येती."

माझ्या बहिणीचं दार एवढ्या एका शब्दात बंद झालं, आणि तो शब्द खोटाही होता.

धाकटा काही आठवड्यांनी गेला. या वेळी सासू शिकलेली होती. त्याचा पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाला लांबूनच दाखवला. टिळा धाकट्याच्या खऱ्या कपाळाला लावला. कुंकू शेजारणीकडून कालवून आणलं. ताईला सकाळीच सांगितलं, मागल्या दारी जाऊन बस, तो बाहेर पडेपर्यंत पुढं येऊ नकोस. मी तिथं होते. ताई गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली होती. गोठ्यात आता गुरं नाहीत, टाइल्सची रिकामी खोकी आहेत. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "चल आमच्याकडे. आत्ताच्या आत्ता."

ती म्हणाली, "आन ह्यांचा नवा पासपोर्ट कोन काढंल?"

तिचं अजून तेच चाललं होतं. मग मीही तेच धरलं. अर्ज मी भरते, तारीख मी घेते, फक्त जुनं पुस्तक द्या, असं दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले आईला विचार. आईनं सांगितलं, ते देव्हाऱ्यात आहे.

खरंच होतं. एजंटाकडून परत आल्यावर तिनं तो पासपोर्ट पुन्हा एकवीरेपुढे ठेवला होता. पिढीजात जुन्या टाकांच्या शेजारी. एकदा देवाला वाहिलेली वस्तू उचलायची नसते. कुंकू लागलंय, अक्षता चिकटल्यात, आता ते देवाचं.

मी म्हटलं, "मावशी, ते सरकारचं पुस्तक आहे. सरकारला परत द्यावं लागतं."

"सरकारनं दिलंन तवा ते कागद व्हतं. आता नाय."

"आत तुमच्याच मुलाचं नाव आहे. त्याचं पोट आहे त्यात."

"पोट इतंबी भरतंय. तू कागदाचं बघ, देवाचं मला बघू दे." आणि ताईकडे न बघता, "आन कुनाचा हात त्याला लागता कामा नये. एकदा लागला तेवढा पुरे."

लागलाच नव्हता. पण गावात तोवर पसरलं होतं. विहिरीवर, चक्कीवर, जीपमध्ये. सुनेनं नवऱ्याचं विमान चुकवलं. एकीनं तर मला, मी ताईची बहीण हे माहीत नसताना, सांगितलं की तिनं मुद्दाम पाणी ओतलं, नवरा तिकडे गेला तर दुसरी करील या भीतीनं. मी म्हटलं, मी तिची बहीण. ती म्हणाली, "मंग तुला खरं ठाव असंल," आणि दळणाचा डबा उचलून निघून गेली.

सासू रोज सकाळी त्या पुस्तकाला हळदकुंकू लावत राहिली. थरावर थर. मी दर खेपेला गेले की बघायची. आधी सोनेरी अक्षरं गेली. मग सिंह गेले, नुसते तीन उंचवटे राहिले. मग निळा गेला. मरून, पांढरा, निळा, हिरवा असे सगळे रंग मी वाचले होते. हा रंग कुठल्याच देशाच्या यादीत नव्हता. तो एका म्हातारीनं रोज एका बोटानं तयार केला होता, सुनेवरचा आरोप सुकू नये म्हणून.

शेवटचं मी पाहिलं ते गेल्या नवरात्रात. धाकट्याचा मस्कतहून फोन यायचा. तिकडे त्याला फरशीवरून काढून गोदामात लावलं होतं, पण फोन यायचा आणि सासू तो स्पीकरवर ठेवून गल्लीला ऐकवायची. मी त्या सकाळी ठरवूनच गेले होते. चहा होईपर्यंत थांबले. सासू न्हाणीत गेली तशी मी देव्हाऱ्यापुढे बसले आणि पासपोर्ट उचलला. तो खालच्या लाल कापडाला चिकटला होता, ओढून काढावा लागला. हातात घेतल्यावर जड लागला. पानं समईच्या तेलानं एकमेकांना धरून वीट झाली होती.

दाजी चहाचा पेला घेऊन समोर उभे होते. मी म्हटलं, "दाजी, मी नेते हा. अर्ज तयार आहे. फक्त तुम्ही एक दिवस माझ्याबरोबर यायचं."

ते म्हणाले, "ठेव तितं."

"मावशींना मी सांगते."

"आयचं नाय. मीच म्हनतोय. ठेव."

ताई चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

मी विचारलं, "तुम्हाला जायचं नाही?"

दाजींनी चहा संपवला. मग शांतपणे म्हणाले, "आता काय व्हईना झालं तर लोक म्हनत्यात, बायकोमुळं झालं. काम सुटलं, बायकोमुळं. पैसा टिकंना, बायकोमुळं. बरं चाललंय. तिकडं जाऊन मलाच नाय जमलं, तर मंग कुनाचं नाव घेऊ? धाकट्याचं बघितलंस ना, गोदामात खोकी उचलतोय."

हे ते ताईसमोर बोलले. तिच्याविषयी त्यांच्या मनात काही राग होता असं मला वाटत नाही. माणूस पावसात ज्या झाडाखाली उभा राहतो त्याचा त्याला राग नसतो.

पत्रकात ज्यांना सरकार म्हणतात, एजंट म्हणतात, मालक म्हणतात, त्यांच्यावर मी पानं भरली असती. हा तर मजूर होता. मी ज्याच्या निळ्या रंगासाठी जीपमध्ये हसं करून घेतलं तो.

ताई उठली. हात पदराला पुसले, येऊन माझ्या हातातून पुस्तक घेतलं. सासू न्हाणीतून बाहेर आली होती, ओले केस सोडलेले. तिनं बघितलं आणि म्हणाली, "ठेव गं ते. हात लावू नगंस."

ताईनं मधोमध बोटं घातली आणि जोर लावला. पान सुटताना वाळल्या सालपटासारखा आवाज झाला. आत दाजींचा चेहरा होता, गोळा झालेला, एक डोळा शाबूत. ताईनं देव्हाऱ्यातली कुंकवाची वाटी घेतली. पाणी घातलं नाही. कोरड्या कुंकवात बोट बुडवलं आणि फोटोतल्या कपाळावर बरोबर मधे, सावकाश, टिळा लावला.

दाजींच्या हातातला पेला तसाच राहिला.

ताईनं पुस्तक मिटलं, एकवीरेपुढे होतं तिथंच परत ठेवलं, आणि सासूला म्हणाली, "आता लागला माजा हात. आता गावाला सांगा."

मग चुलीपाशी जाऊन तिनं माझा चहा गाळला. आम्ही दोघींनी तो मागल्या दारी बसून प्यायला, आणि तिनं मला विचारलं, पुढची जीप किती वाजता सुटते.